४७ मागण्या, ३ डेव्हलपर: आधी काय करायचं हे कसं ठरवावं?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी जॉबवर्क-चलन (माल बाहेर काम करून घ्यायला पाठवताना बनवायचा कागद) आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी छोटी कंपनी आहे. पैसे भरणारे ६० ग्राहक, ३ डेव्हलपर, १ टेस्टर. मागण्यांची यादी ४७ वर गेली आहे. मालकांच्या मते सगळ्याच तातडीच्या. कामांचा क्रम लावण्याची राइस पद्धत वापरावी, मॉस्को वापरावी, की आणखी काही?

पद्धतीकडे वळण्याआधी दोन कामं करा. ती न करता कुठलंही सूत्र लावलंत तरी हाती येणारा क्रम दिसायला नेटका आणि वापरायला निरुपयोगी असेल. हाताशी खरोखर किती वेळ आहे ते मोजा, आणि यादीतली वेगवेगळ्या जातीची कामं वेगळी काढा.

वेळेचा हिशेब आधी. सहा आठवड्यांचा टप्पा धरला तर ३ डेव्हलपरचे १८ आठवडे होतात. त्यात गणपती येत असतील तर प्रत्येकाचा एक आठवडा धरूनच चाला, म्हणजे उरले १५. ६० ग्राहकांचे फोन, चुकांची दुरुस्ती, कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर जाऊन बघणं, यात साधारण ३० टक्के जातात. राहिले साडेदहा. अंदाज चुकतातच, त्यासाठी दीड आठवडा राखून ठेवा. नियोजनाला खरे ९ आठवडे मिळतात, म्हणजे कागदावरच्या वेळेच्या निम्मे. हा आकडा मालकांना आधी दाखवा, मागण्यांची यादी नंतर. उलट केलंत तर चर्चा '४७ पैकी ४० तरी करा' इथून सुरू होते आणि तिथंच अडकते.

शिवाय हे आठवडे एकसारखे नसतात. दरमहा जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या तपशिलाची) तारीख ११ आणि ३बी ची (कर भरण्याच्या रिटर्नची) २०. त्यामुळं ८ ते २० या काळात फोन वाढतात, आणि त्याच दिवसांत नवं व्हर्जन सोडलं तर अकाउंटंट मंडळी हैराण होतात. नवं काही सोडायचं ते २१ नंतर.

आता जाती. मागण्या आल्या तशा नोंदवलेल्या असतील, तर प्रत्येक ओळीत ग्राहकानं सुचवलेला उपाय असतो, अडचण नसते. समजा 'एक्सेलमध्ये डाउनलोड पाहिजे' असं १४ जणांनी सांगितलं. नीट विचारलंत तर कुणाला ते सीएकडे जीएसटीआर-१ साठी पाठवायचं असतं, कुणाला बँकेला सीसी लिमिटपोटी (कॅश क्रेडिट कर्जापोटी) दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट द्यायचं असतं, आणि कुणाचा सॉफ्टवेअरमधल्या बेरजेवर विश्वासच नसतो म्हणून ते एक्सेलमध्ये पुन्हा बेरीज मारून बघतात. ही तीन वेगळी कामं आहेत. तिसऱ्याला तर एक्सेल नकोच आहे. बेरीज कुठून आली हे स्क्रीनवर दिसलं की त्याचं भागतं. म्हणून प्रत्येक मागणीपुढं चार गोष्टी लिहा: कोण अडतं (मालक, अकाउंटंट की शॉपवरचा सुपरवायझर), केव्हा अडतं, आज ते कसं निभावतात, आणि केलं नाही तर कुणाचे किती तास किंवा पैसे जातात. या चारही गोष्टी फोनवर विचारता येतात. ४७ ओळींना दोन दिवस पुरतात, आणि दुहेरी नोंदी गळून यादी बरीच आखडते.

मग गठ्ठे पाडा. एक, कायद्यानं किंवा तारखेनं बांधलेली कामं. दोन, चुका. तीन, एकाच ग्राहकासाठीची खास मागणी. चार, सगळ्यांच्या उपयोगाच्या नव्या सोयी. पाच, आतली डागडुजी, म्हणजे जुना कोड, बॅकअप, मंदावलेला डेटाबेस. गुण देण्याची पद्धत फक्त चौथ्या गठ्ठ्याला लावायची. बाकीच्यांना लावली की घोळ होतो, आणि बहुतेक ठिकाणी घोळ इथंच झालेला असतो.

चुकांचं उदाहरण घ्या, सीमाभागात हमखास भेटणारं. मच्छेतला फाउंड्रीवाला कोल्हापूरच्या कंपनीच्या नावानं बिल करतो, पण त्या कंपनीच्या सांगण्यावरून माल उतरवतो मच्छेतल्याच दुसऱ्या मशीन शॉपवर. माल कर्नाटकाबाहेर गेलाच नाही म्हणून सॉफ्टवेअर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर) लावतं. पण अशा व्यवहारात पुरवठ्याचं ठिकाण बिल ज्याच्या नावे त्याचं धरलं जातं. कोल्हापूर म्हणजे राज्य कोड २७, आपला २९. म्हणून आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) लागतो. चुकीचा कर भरला गेला की योग्य कर पुन्हा भरून आधीचा परत मागत बसावं लागतं. अशी बिलं समजा ६० पैकी ५ ग्राहकांकडेच होत असतील. राइसमध्ये पोहोच, म्हणजे किती जणांना फरक पडतो, ती ५ म्हणून हे काम तळाला जाईल, आणि ते तळाला जाणं धोक्याचं आहे. चुकांना गुण देऊ नका, नियम लावा: कर, रक्कम किंवा साठा चुकत असेल तर हातातलं काम थांबवून आजच दुरुस्ती, काम अडतं पण दुसरी वाट आहे, तर याच टप्प्यात, दिसायला वाईट एवढंच असेल, तर सवडीनं.

बांधलेली कामं आधी पूर्ण बाजूला काढून ९ आठवड्यांतून वजा करा. उरलेल्या वेळेची वाटणी मी अशी सुचवेन: ६० टक्के नव्या सोयी, २० टक्के डागडुजी, २० टक्के खास मागण्या. डागडुजीचा वाटा पहिल्याच टप्प्यात कापला जातो, कारण त्यासाठी कुठलाच ग्राहक फोन करत नाही. तो कापू देऊ नका. दोन-तीन टप्प्यांत त्याचा परिणाम इतर प्रत्येक कामाच्या अंदाजावर दिसायला लागतो.

आता राइस. इंटरकॉम कंपनीत तयार झालेली ही पद्धत चार गोष्टी मोजते: पोहोच, परिणाम, खात्री आणि मेहनत. पहिल्या तिन्हींचा गुणाकार करून मेहनतीनं भागायचं. पोहोच म्हणजे ठरावीक मुदतीत किती जणांना फरक पडेल. तुमच्यासाठी तीन महिन्यांत किती युनिट, असं एकच माप धरा. एका ओळीत युनिट आणि दुसऱ्या ओळीत बिलांची संख्या असं झालं की तुलना संपली. परिणामाचे ठरलेले आकडे आहेत: फार मोठा ३, मोठा २, मध्यम १, थोडा ०.५, नगण्य ०.२५. खात्री १००, ८० किंवा ५० टक्के. मेहनत मूळ पद्धतीत माणूस-महिन्यांत मोजतात, तुम्ही माणूस-आठवडे धरा.

तुमच्यासारख्या यादीतली चार कामं धरून मांडू.

जॉबवर्कला गेलेला आणि न आलेला माल दाखवणारा रिपोर्ट: पोहोच ४५, परिणाम २, खात्री ८० टक्के, मेहनत ३ आठवडे. गुण २४.

बिल व्हॉट्सॲपवर पाठवणं: ६०, १, १०० टक्के, दीड आठवडा. गुण ४०.

कास्टिंग रिजेक्शनची फोटोसह नोंद: १२, ३, ८० टक्के, २ आठवडे. गुण १४.४.

मालकांसाठी मोबाइल डॅशबोर्ड: ६०, २, ५० टक्के, ५ आठवडे. गुण १२.

क्रम लागला असं वाटतं. पण डॅशबोर्डची ओळ पुन्हा बघा. ज्याला तो मनापासून आवडलाय त्यानं परिणाम ३, खात्री १०० टक्के आणि मेहनत ३ आठवडे लिहिली, तर गुण होतात ६० आणि तेच काम पहिलं येतं. सूत्र तेच, काम तेच, फक्त लिहिणारा बदलला. म्हणून खात्रीचा रकाना मताप्रमाणं भरू द्यायचा नाही, पुराव्याप्रमाणं भरायचा. साधा नियम: वापराच्या नोंदी आहेत आणि निदान पाच ग्राहकांचं काम प्रत्यक्ष बसून बघितलंय, तर १००. दोन्हींपैकी एकच असेल तर ८०. नुसतं 'ग्राहक म्हणतात' असेल तर ५०. त्याच्याही खाली असेल तर गुण देऊच नका. दोन दिवस उद्यमबागेत चार युनिट फिरून या, मग बघू. मेहनतीचा आकडा फक्त डेव्हलपरनी द्यायचा, पोहोच आणि परिणाम त्यांनी सोडून इतरांनी. प्रत्येकानं आपला आकडा आधी कागदावर लिहायचा, मग सगळ्यांनी एकदम दाखवायचा. मालकांनी आधी बोलून टाकलं की बाकीचे आकडे आपोआप त्यांच्या जवळ सरकतात.

दोन आकड्यांत मोठं अंतर निघालं, समजा एकाचा परिणाम ३ आणि दुसऱ्याचा अर्धा, तर सरासरी काढू नका. ते दोघं वेगळ्याच सोयीबद्दल बोलत असतात. रिजेक्शनच्या नोंदीत एकाच्या डोळ्यापुढं फोटो काढणारा सुपरवायझर असतो, दुसऱ्याच्या डोळ्यापुढं नाकारलेल्या मालापोटी ग्राहकाकडून येणारी डेबिट नोट. पद्धतीचा खरा फायदा हा वाद लवकर बाहेर येण्यात आहे. १४.४ आणि १२ मधल्या फरकाला मात्र काही अर्थ नाही. इतक्या ढोबळ अंदाजांवर दशांश चिन्ह शोभत नाही. गुणांचे तीन थर करा, वरचा-मधला-खालचा, आणि थराच्या आत माणसांनी ठरवावं.

आणखी एक चाचणी: वरच्या दोन कामांपैकी एकेकाची मेहनत दुप्पट करून बघा. व्हॉट्सॲपचं काम तीन आठवड्यांचं झालं तर गुण २० होतात आणि जॉबवर्क-चलनाचा रिपोर्ट पुढं जातो. हे घडणं सहज शक्य आहे. सॉफ्टवेअरनं आपोआप मेसेज पाठवायचा तर बिझनेस खातं, व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीकडून, मेटाकडून, मेसेजच्या टेम्प्लेटची मंजुरी आणि मेसेजचा खर्च हे सगळं मागं लागतं, आणि पहिल्या अंदाजात ते कुणी धरलेलं नसतं. पण फोनवर नुसतं 'शेअर' बटण देऊन बिलाची पीडीएफ व्हॉट्सॲपमध्ये उघडणं हे दोन-तीन दिवसांचं काम. बहुतेकांचं तेवढ्यानं भागतं. कामाचा असा तुकडा पाडणं हे गुण देण्याहून जास्त फळ देतं, म्हणून यादीच्या वरच्या पाच कामांपैकी प्रत्येकाला 'एका आठवड्यात यातलं काय देता येईल?' हा प्रश्न विचाराच.

चलनाच्या रिपोर्टचंही तसंच. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धा तयार माल एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं मानून कर लागतो. कॅपिटल गुड्सना, म्हणजे यंत्रसामग्रीला, तीन वर्षं. जिग, फिक्स्चर, डाय, टूल यांना ही मुदत नाही. पहिल्या तुकड्यात एवढंच द्या: नऊ महिने उलटलेली चलनं आणि शिल्लक किलो, यातून टूल-फिक्स्चर वगळून. पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांचा आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म) दर सहामाहीचा, म्हणजे २५ ऑक्टोबर आणि २५ एप्रिल. बाकीच्यांचा वर्षातून एकदा. तो फॉर्म भरून देण्याची सोय दुसऱ्या तुकड्यात चालेल, फक्त त्या तारखांच्या आत.

इथं राइस कुठं कमी पडते तेही दिसतं. तिला कॅलेंडर कळत नाही. चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी पट्ट्यातल्या साखर कारखान्यांचं गाळप थंडीत चालतं, उन्हाळ्याच्या तोंडाला थांबतं, आणि मग ओव्हरहॉलिंगच्या सुट्या भागांची कोटेशनं निघतात. कोटेशन मॉड्यूल आठच युनिटना हवं असेल, तरी ते मार्चअखेर मिळालं तर त्यांचा अख्खा हंगाम साधतो. ऑगस्टमध्ये मिळालं तर ते पुढच्या वर्षापर्यंत पडून राहतं. म्हणून प्रत्येक कामाला 'उशीर झाला तर दर आठवड्याला किती जातं?' हा प्रश्न हवाच. काही कामांचं नुकसान रोज थोडं-थोडं होतं, काहींचं एका तारखेला एकदम, काहींचं हंगामापुरतंच.

उशिराची किंमत भागिले कामाची मुदत, हे त्याचं सूत्र. डब्ल्यूएसजेएफ (वेटेड शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट) या नावानं ते चालतं. मोठ्या कंपन्या त्यात व्यवसायमूल्य, वेळेची निकड आणि कमी होणारी जोखीम यांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करतात. तुम्हाला एवढ्याची गरज नाही, सरळ रुपयांत अंदाज करा. समजा 'अ' काम ४ आठवड्यांचं, उशिराची किंमत आठवड्याला १२,००० रुपये. 'ब' काम १ आठवड्याचं, उशिराची किंमत ६,०००. दोन्ही एकाच डेव्हलपरकडे. मोठं नुकसान 'अ'चं म्हणून ते आधी घेतलं तर: अ साठी ४ आठवडे, ४८,०००, ब साठी ५ आठवडे, ३०,०००, एकूण ७८,०००. ब आधी घेतलं तर: ६,००० आणि अ चे ५ आठवड्यांचे ६०,०००, एकूण ६६,०००. दोन्ही एकदम सुरू केली, अर्धा दिवस हे आणि अर्धा दिवस ते, तर ब दुसऱ्या आठवड्याअखेर आणि अ पाचव्या आठवड्याअखेर संपतं: १२,००० अधिक ६०,०००, म्हणजे ७२,०००. शिवाय मन एका कामातून दुसऱ्यात नेण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. 'सगळं थोडं-थोडं सुरू ठेवा' या आग्रहाला हा हिशेब कागदावर करून दाखवा. एका डेव्हलपरकडे एका वेळी एकच काम, आणि टेस्टिंगच्या रांगेत दोनपेक्षा जास्त कामं नकोत. टेस्टर एकच आहे. तिथं रांग लागली की पुढचा कोड लिहून उपयोग नसतो.

मॉस्को मी एकाच प्रसंगासाठी ठेवेन: तारीख हलत नाही आणि कामाची व्याप्ती हलवायची आहे. ओरॅकलमध्ये काम करणाऱ्या डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ती मांडली. हवंच, असावं, जमलं तर, या वेळी नाही, असे चार कप्पे. तुमच्याकडे याचं चपखल उदाहरण म्हणजे १ एप्रिल. बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांच्या आत असावा लागतो. मग हवंच मध्ये: नवी मालिका, १६ अक्षरांची तपासणी, जुनी शिल्लक चलनं पुढं ओढणं. असावं मध्ये: जुन्या वर्षाच्या नोंदींना कुलूप. जमलं तर: शाखेनुसार वेगळी मालिका. या वेळी नाही: जुना डेटा वेगळा काढून ठेवणं. 'हवंच' मधल्या कामांना एकूण वेळेच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तारीख चुकणार असं समजा. सगळेच आपलं काम 'हवंच' म्हणतात, त्यावर प्रश्न एकच: हे नसेल तर १ एप्रिलला सकाळी बिल निघणार नाही का? निघत असेल तर ते 'हवंच' नाही.

कानो पद्धत (नोरिआकी कानो, १९८४) क्रम लावायला कमी आणि ग्राहक समजून घ्यायला जास्त उपयोगी. प्रत्येक सोयीबद्दल दोन प्रश्न: असली तर कसं वाटेल, नसली तर कसं वाटेल? उत्तरं मालक, अकाउंटंट आणि सुपरवायझर अशी वेगळी ठेवा, एकत्र करू नका. शॉपवरच्या स्क्रीनवर मराठी आणि कन्नड दोन्ही लेबलं असावीत ही मागणी घ्या. मालक इंग्रजीत वाचतो, त्याला काही फरक पडत नाही. पण चलनावर वजन भरणारा ऑपरेटर खानापूरहून आलेला मराठी वाचणारा असेल किंवा गोकाककडून आलेला कन्नड वाचणारा, त्याच्यासाठी ती मूलभूत गरज आहे. नेट वजन आणि ग्रॉस वजनाची अदलाबदल तिथंच होते. तिन्हींची सरासरी काढली की ही सोय 'ठीक आहे' मध्ये विरघळून जाते.

आयसनहॉवरचा तातडीचं-महत्त्वाचं चौकोन एका माणसाच्या दिवसभराच्या कामाला चांगला. सोयींच्या यादीला लावू नका, त्यात मेहनतच धरलेली नाही. आइस पद्धतीत (परिणाम, खात्री, सोपेपणा) पोहोच नाही, म्हणून ती प्रयोगांच्या छोट्या यादीपुरती.

आता जिथं सगळं नियोजन मोडतं ते ठिकाण: ओळखीच्या कारखानदाराचा मालकांना थेट फोन. बेळगावात ग्राहक, शेजारी आणि पाहुणे एकच असतात, तेव्हा हा फोन थांबणार नाही, आणि थांबवायचीही गरज नाही. फक्त नियम ठरवा की आत काही आलं तर तेवढ्याच आठवड्यांचं काही बाहेर जाईल, आणि बाहेर काय जाणार हे मालक स्वतः निवडतील. बोलायचं ते असं: 'साहेब, घेतो की. पण मग चलनाचा रिपोर्ट दोन आठवडे पुढं जातो, आणि तो अमक्या-अमक्यांना सांगितलाय. कुठलं ठेवू?' यात नकार नाही, आणि किंमत उघड दिसते. खास मागणी असेल तर तिचे वेगळे पैसे सांगा. बऱ्याच मागण्या तिथंच मागं घेतल्या जातात. ज्या राहतात त्या खरोखर हव्या असतात. एका ग्राहकाकडून उत्पन्नाचा मोठा हिस्सा येत असेल तर त्याची मागणी गुणांत लपवून वर ढकलू नका. 'हा ग्राहक टिकवायचा आहे म्हणून घेतलं' असं कारण यादीत स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या वेळी पोहोचीचे आकडे फुगवले जाणार नाहीत.

सोय दिल्यावर सहा आठवड्यांनी मोजा. पोहोच ४५ लिहिली होती आणि वापर ११ युनिटमध्येच दिसतोय, तर आधी सोय सापडते का ते बघा, मग गरज होती का ते. अंदाज आणि प्रत्यक्ष यांची जोडी त्याच यादीत लिहून ठेवा. चार-पाच टप्प्यांनंतर तुमच्या टीमचे मेहनतीचे अंदाज नेहमी दीडपट चुकतात की दुप्पट, ते कळतं, आणि पुढचे आकडे त्यानुसार लावता येतात.

सहा महिने कुणी विचारलं नाही अशा ओळी यादीतून काढून टाका आणि ज्यानं मागितलं होतं त्याला तसं कळवा. काढलेली ओळ खरी गरजेची असेल तर तो फोन करतो, आणि त्या फोनवर तुम्हाला वरच्या चार प्रश्नांची उत्तरं ताजी मिळतात.